मोटारवाहन उद्योग, हवामान धोरण आणि पारदर्शकता : कंपनी-सुशासनाच्या दृष्टिकोनातून एक विवेचन

सारांश

हवामान बदलाला आळा घालण्यासाठी शासन वाहनांच्या उत्सर्जनावर मर्यादा घालते. या मर्यादा ठरत असताना मोटार कंपन्या आपली बाजू शासनापुढे मांडतात. अशी बाजू मांडणे लोकशाहीत गैर नाही. कंपनीची जाहीर भूमिका एक आणि तिच्या वर्गणीवर चालणाऱ्या उद्योगसंघटनेची भूमिका दुसरी, असे घडले की मात्र भागधारक, शासन व नागरिक या तिघांचीही दिशाभूल होते. प्रस्तुत लेखात अमेरिका, युरोप व जपानमधील निवडक घटनांच्या आधारे या विसंगतीचे स्वरूप स्पष्ट केले असून, भारतातील प्रकटीकरणाच्या तरतुदी कोठे अपुऱ्या पडतात याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : लॉबिंग, उद्योगसंघटना, पारदर्शकता, कंपनी-सुशासन, उत्सर्जन मर्यादा, सेबी.

१. प्रस्तावना

ऑक्टोबर २०१७ मध्ये जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने अपघात, उत्सर्जन व वाहतूक कोंडी या तिन्ही गोष्टी शून्यावर आणणे हे आपले ध्येय म्हणून जाहीर केले. त्यानंतर दोनच वर्षांनी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, कॅलिफोर्निया राज्याला वाहनांच्या उत्सर्जनाविषयी स्वतंत्र व अधिक कडक नियम करण्याचा अधिकार असावा की नसावा, या खटल्यात हीच कंपनी तो अधिकार काढून घेणाऱ्या केंद्र सरकारच्या बाजूने उभी राहिली. नोव्हेंबर २०२० मध्ये, अध्यक्षपदाच्या निवडणुकीनंतर अवघ्या तीन आठवड्यांत, तिने ही बाजू सोडली. जानेवारी २०२१ मध्ये तर २०३५ पर्यंत नव्या हलक्या वाहनांचे धुराड्यातून होणारे उत्सर्जन पूर्णपणे थांबविण्याची आकांक्षा तिने जाहीर केली.

या चार घटनांपैकी कोणतीही बेकायदेशीर नव्हती. परंतु त्या एकापुढे एक ठेवल्या असता एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. या कंपनीची हवामानविषयक खरी भूमिका कोणती होती, ती कोणी ठरविली आणि तिच्या भागधारकांना ती कधी कळली? हा प्रश्न एका कंपनीपुरता मर्यादित नाही. ऊर्जेच्या वापरातून होणाऱ्या जागतिक कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा साधारणपणे पाव हिस्सा असून, त्यातही सर्वांत मोठा भाग रस्त्यावरील वाहनांचा आहे. आज विकलेली मोटार दहा-पंधरा वर्षे रस्त्यावर राहते. त्यामुळे नियम एक वर्ष लांबणीवर पडला, तरी त्याचा परिणाम दीड दशक टिकतो. धोरणाच्या मसुद्यातील एखादी तारीख बदलणे किंवा एखाद्या ग्रॅमची सवलत मिळणे या वरवर किरकोळ भासणाऱ्या गोष्टींचे महत्त्व येथे आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) हवामान धोरणासंदर्भात मोटार उद्योगाच्या लॉबिंगचे स्वरूप समजून घेणे, (२) कंपनी व उद्योगसंघटना यांच्या भूमिकांतील विसंगती उदाहरणांसह स्पष्ट करणे, (३) विविध देशांतील प्रकटीकरणाच्या नियमांची तुलना करणे, (४) भारतातील तरतुदींची मर्यादा निदर्शनास आणणे. लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे.

३. लॉबिंग : संकल्पना व मर्यादा

राज्यशास्त्रात हितसंबंधी गट व दबावगट या संकल्पना परिचित आहेत. शासनाच्या निर्णयावर प्रभाव टाकण्यासाठी संघटितपणे केलेल्या प्रयत्नांना लॉबिंग असे म्हणतात. त्यात निवेदने देणे, मंत्री व अधिकाऱ्यांच्या भेटी घेणे, तांत्रिक अहवाल सादर करणे, न्यायालयात बाजू मांडणे आणि जाहिरातींद्वारे लोकमत घडविणे यांचा समावेश होतो. इंजिनाची कोणती सुधारणा किती खर्चात शक्य आहे, याची माहिती प्रामुख्याने उत्पादकांकडेच असते. ती न घेता केलेला नियम कागदावरच राहण्याचा धोका असतो. म्हणून लॉबिंग म्हणजे भ्रष्टाचार, असे समीकरण मांडणे योग्य नाही.

तथापि, याच कारणामुळे पारदर्शकतेची गरज अधिक तीव्र होते. ज्याच्याकडे माहिती आहे त्याचाच त्या माहितीत हितसंबंध गुंतलेला असतो. हे शक्य नाही, असे उत्पादक सांगतो तेव्हा ते तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे की केवळ नफ्याच्या दृष्टीने गैरसोयीचे आहे, हे ठरविण्यासाठी ते म्हणणे उघड्यावर तपासले जाणे आवश्यक असते. बंद दाराआड दिलेल्या माहितीला प्रतिवाद मिळत नाही.

४. उद्योगसंघटना : एक कंपनी, दोन आवाज

मोटार उद्योगातील लॉबिंगचा मोठा भाग कंपनीच्या नावाने होत नाही, तो उद्योगसंघटनेच्या नावाने होतो. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या ग्लोबल क्लायमेट कोअॅलिशन या अमेरिकेतील संघटनेत तेल व कोळसा कंपन्यांबरोबर मोटार कंपन्याही सामील होत्या. हवामानविषयक बंधनकारक करारांना या संघटनेचा विरोध होता. डिसेंबर १९९९ मध्ये फोर्ड, जानेवारी २००० मध्ये डेमलर-क्रायस्लर आणि मार्च २००० मध्ये जनरल मोटर्स या संघटनेतून बाहेर पडल्या. २००२ मध्ये ती विसर्जित झाली. मधल्या दशकात सभासद कंपन्यांना स्वतःच्या नावाने काही न बोलता विरोध नोंदविता आला.

हाच प्रकार पुढेही दिसून येतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये अमेरिकेतील मोटार उत्पादकांच्या संघटनेने पर्यावरण संरक्षण संस्थेला पत्र लिहून, २०२५ पर्यंतच्या उत्सर्जन मर्यादा कायम ठेवण्याचा आधीच्या प्रशासनाचा निर्णय मागे घेण्याची मागणी केली. फोर्ड, बी.एम.डब्ल्यू. व फोक्सवॅगन या कंपन्या त्या वेळी या संघटनेच्या सभासद होत्या. जुलै २०१९ मध्ये याच तीन कंपन्यांनी होंडासह कॅलिफोर्नियाशी स्वतंत्र समझोता करून केंद्राच्या प्रस्तावापेक्षा कडक मर्यादा स्वीकारल्या. जनरल मोटर्स, टोयोटा व फियाट क्रायस्लर आदी कंपन्या मात्र केंद्र सरकारच्या बाजूने खटल्यात उतरल्या. मार्च २०२० मध्ये केंद्राने अंतिम नियम केला. उत्सर्जनात दरवर्षी सुमारे ५ टक्के सुधारणेची पूर्वीची अट त्यामुळे सुमारे १.५ टक्क्यांवर आली. जनरल मोटर्सपाठोपाठ फेब्रुवारी २०२१ मध्ये टोयोटा व फियाट क्रायस्लरची उत्तराधिकारी कंपनी यांनीही खटल्यातून माघार घेतली.

या घटनाक्रमातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे, संघटनेची भूमिका ही सर्व सभासदांची एकमुखी भूमिका असतेच असे नाही. अनेकदा सर्वांत मागे असलेल्या सभासदाच्या सोयीने ती ठरते आणि पुढे असलेले सभासद गप्प राहतात. दुसरी म्हणजे, काही कंपन्यांची भूमिका सत्तांतराबरोबर बदलली. तांत्रिक शक्यता तीन आठवड्यांत बदलत नाहीत. बदलते ती राजकीय हवा. ‘हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे’ ही म्हण येथे लागू पडते असे कोणी म्हटल्यास त्याचे निराकरण करण्याची जबाबदारी संचालक मंडळावर येते. कारण भूमिका का बदलली याची नोंद बाहेर कोठेही उपलब्ध नसते.

५. युरोपचा अनुभव : स्वेच्छा, विलंब आणि सवलत

युरोपमध्ये सुरुवातीला स्वेच्छेचा मार्ग अवलंबिण्यात आला. १९९८ मध्ये युरोपीय मोटार उत्पादकांच्या संघटनेने २००८ पर्यंत नव्या मोटारींचे सरासरी उत्सर्जन प्रति किलोमीटर १४० ग्रॅमपर्यंत खाली आणण्याचे आश्वासन दिले. प्रत्यक्षात २००८ ची सरासरी सुमारे १५४ ग्रॅम राहिली. आश्वासन संघटनेचे होते, त्यामुळे कोणत्याही एका कंपनीला जाब विचारता आला नाही. परिणामी २००९ मध्ये कायदा करून २०१५ साठी १३० ग्रॅमची बंधनकारक मर्यादा घालण्यात आली.

२०२० साठीच्या ९५ ग्रॅमच्या मर्यादेचा इतिहास अधिक बोलका आहे. जून २०१३ मध्ये युरोपीय संसद व सदस्य राष्ट्रांच्या प्रतिनिधींमध्ये तडजोड झाली होती. परंतु जर्मनीच्या आग्रहामुळे तिला मंजुरी मिळणे लांबले. या काळात जर्मन मोटार उद्योगसंघटनेचे अध्यक्ष मथियास विसमान होते. ते स्वतः १९९३ ते १९९८ या काळात जर्मनीचे वाहतूकमंत्री होते. ऑक्टोबर २०१३ मध्ये पर्यावरण मंत्र्यांच्या बैठकीत निर्णय पुन्हा लांबणीवर पडला. त्याच सुमारास बी.एम.डब्ल्यू.मध्ये मोठी भागीदारी असलेल्या क्वांट कुटुंबीयांनी सत्ताधारी ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाला एकूण ६,९०,००० युरोंची देणगी दिल्याचे जर्मन संसदेच्या नोंदीतून उघड झाले. देणगीचा व धोरणाचा संबंध पक्षाने नाकारला, आणि तो सिद्धही झालेला नाही. अखेर वर्षअखेरीस झालेल्या तडजोडीनुसार ९५ ग्रॅमची पूर्ण अंमलबजावणी २०२१ पर्यंत पुढे गेली.

या प्रसंगाचे महत्त्व देणगीच्या रकमेत नाही. मोठी देणगी तत्काळ जाहीर करण्याचा नियम जर्मनीत होता, म्हणूनच दोन तारखा शेजारी ठेवून नागरिकांना प्रश्न विचारता आला आणि पक्षालाही उत्तर देणे भाग पडले. पारदर्शकतेमुळे कोणी आपोआप दोषी ठरत नाही, तसे संशयाचे धुकेही दाटत नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारींतील फसव्या संगणक प्रणालीचे प्रकरण उघडकीस आले. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख वाहनांत ती बसविलेली होती. उत्पादकांच्या तांत्रिक माहितीवर विसंबून नियम करण्याच्या पद्धतीला त्यामुळे मोठा धक्का बसला.

६. भागधारकांचा हस्तक्षेप

यानंतरच्या काळात हा प्रश्न कंपनीच्या सर्वसाधारण सभेत पोहोचला. निवृत्तिवेतन निधींसारखे दीर्घकालीन गुंतवणूकदार एकाच वेळी हजारो कंपन्यांचे भागधारक असतात. एका मोटार कंपनीने नियम शिथिल करून घेऊन नफा मिळविला, तरी तापमानवाढीमुळे शेती, विमा व बांधकाम क्षेत्रांतील त्यांच्या गुंतवणुकीचे नुकसान होते. त्यामुळे कंपनीचे लॉबिंग हा त्यांच्या दृष्टीने जोखमीचा प्रश्न ठरतो.

२०२२ मध्ये स्वीडनचा एपी-सात हा निधी व इंग्लंडच्या चर्चचे निवृत्तिवेतन मंडळ आदी गुंतवणूकदारांनी हवामानविषयक लॉबिंगचा विषय फोक्सवॅगनच्या वार्षिक सभेच्या कार्यसूचीत घेण्याची मागणी केली. कंपनीने ती फेटाळली व गुंतवणूकदारांनी न्यायालयात दाद मागितली. जून २०२३ मध्ये टोयोटाच्या सभेत डेन्मार्क, नॉर्वे व नेदरलँड्समधील तीन गुंतवणूकदार संस्थांनी लॉबिंगचा वार्षिक आढावा प्रसिद्ध करण्याचा प्रस्ताव मांडला. संचालक मंडळाने त्याला विरोध केला आणि प्रस्तावाला सुमारे १५ टक्के मते मिळाली. येथे एक बाब लक्षणीय आहे. टोयोटाचे प्रमुख आकिओ टोयोडा हेच २०१८ ते २०२३ या काळात जपानी मोटार उत्पादकांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. अशा वेळी ‘संघटनेचे मत वेगळे, आमचे वेगळे’ हा बचाव टिकणे कठीण असते.

मार्च २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या पुढाकाराने जबाबदार हवामान लॉबिंगविषयी जागतिक मानक तयार करण्यात आले. त्यात १४ निकष आहेत. आपले लॉबिंग पॅरिस कराराशी सुसंगत ठेवण्याची जाहीर हमी देणे, त्याची जबाबदारी संचालक मंडळाकडे सोपविणे, सभासदत्व असलेल्या संघटनांच्या भूमिकांशी स्वतःच्या भूमिकेची तुलना करणे आणि विसंगती आढळल्यास संघटनेत बदल घडविणे अथवा ती सोडणे, हा त्यांचा गाभा होय. संघटना सोडण्याची उदाहरणेही आहेत. युरोपमध्ये २०३५ नंतर केवळ शून्य-उत्सर्जन मोटारींना परवानगी देण्याच्या प्रश्नावर मतभेद झाल्याने व्होल्वो कार्सने २०२२ मध्ये युरोपीय संघटनेतून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला.

७. प्रकटीकरणाचे नियम : पैसा की भूमिका?

अमेरिकेत १९९५ च्या कायद्यानुसार व्यावसायिक लॉबिंगची नोंदणी बंधनकारक असून, २००७ च्या दुरुस्तीनंतर खर्चाचे विवरण दर तिमाहीला द्यावे लागते. कोणत्या विधेयकावर लॉबिंग केले हे त्यातून कळते. परंतु त्या विधेयकाला पाठिंबा दिला की विरोध केला हे सांगणे बंधनकारक नाही. म्हणजे रक्कम दिसते, दिशा दिसत नाही. युरोपीय आयोगाच्या वरिष्ठ पदाधिकाऱ्यांना २०१४ च्या अखेरीपासून हितसंबंधी गटांशी झालेल्या भेटी जाहीर कराव्या लागतात. जर्मनीत जानेवारी २०२२ पासून लॉबी-नोंदवही अस्तित्वात आली आणि मार्च २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, ज्या कायद्यांवर प्रभाव टाकण्याचा प्रयत्न केला त्यांची नावे व त्यासंबंधी शासनाला दिलेली महत्त्वाची लेखी निवेदनेही नोंदवहीत ठेवावी लागतात. पैशाकडून भूमिकेकडे जाणारा हा प्रवास महत्त्वाचा आहे. कारण एखाद्या कंपनीने हवामान धोरणाच्या समर्थनार्थ खर्च केला असेल, तर केवळ रकमेवरून तिला दोष देणे अन्यायाचे ठरेल.

८. भारतीय संदर्भ

भारतात लॉबिंगची नोंदणी करणारा कायदा नाही. २०१३ मध्ये लोकसभेत यासंबंधी एक खासगी विधेयक मांडण्यात आले होते. ते संमत झाले नाही. डिसेंबर २०१२ मध्ये वॉलमार्टच्या लॉबिंगवरून संसदेत गदारोळ झाला, तोही अमेरिकी कायद्यान्वये त्या कंपनीने तेथे सादर केलेल्या विवरणांच्या आधारे. भारतीय संसदेला परदेशी नोंदवहीचा आधार घ्यावा लागावा, ही बाब विचार करावयास लावणारी आहे.

मोटार उद्योगाच्या बाबतीत दोन प्रसंग उल्लेखनीय आहेत. भारत स्टेज-३ वाहनांची विक्री १ एप्रिल २०१७ नंतर चालू ठेवू द्यावी, अशी उद्योगसंघटनेची मागणी होती. त्या वेळी सुमारे ८ लाख २४ हजार वाहने विक्रीविना शिल्लक होती. पुण्याच्या बजाज ऑटोने मात्र सर्वोच्च न्यायालयात संघटनेच्या विरुद्ध भूमिका घेतली. न्यायालयाने २९ मार्च २०१७ रोजी अशा वाहनांच्या विक्रीस मनाई केली. हा विषय हवेच्या प्रदूषणाचा होता. तरी खुल्या न्यायालयात प्रत्येकाची बाजू नोंदली गेल्याने कोण काय म्हणाले हे सर्वांना कळले.

दुसरा प्रसंग थेट हवामानाशी निगडित आहे. कंपनीच्या सर्व मोटारींच्या सरासरी इंधन कार्यक्षमतेचे, म्हणजेच ‘कॅफे’ म्हणून ओळखले जाणारे निकष २०१७-१८ पासून १३० ग्रॅम व २०२२-२३ पासून ११३ ग्रॅम या उद्योगाच्या सरासरीवर आधारित आहेत. मोटारीच्या वजनानुसार प्रत्येक कंपनीची मर्यादा बदलते. तिसऱ्या टप्प्यासाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात ९०९ किलोपर्यंतच्या लहान पेट्रोल मोटारींना ३ ग्रॅमची अतिरिक्त सवलत प्रस्तावित होती. लहान मोटारींचे मोठे उत्पादन असलेल्या मारुती सुझुकीने सवलतीचे समर्थन केले, तर टाटा मोटर्स व महिंद्र यांनी तिला विरोध दर्शविला. दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांत तथ्य असू शकते. लहान मोटार कमी इंधन जाळते हे खरे. एका वजनगटाला सवलत दिल्याने स्पर्धेचा समतोल बिघडू शकतो हेही खरे. परंतु हा वाद नागरिकांपर्यंत पोहोचला तो प्रामुख्याने वृत्तपत्रांतील बातम्या व मुलाखतींतून. कंपन्यांच्या मूळ निवेदनांतून नव्हे.

यासाठी आवश्यक साधने आपल्याकडे अगदीच नाहीत असे नव्हे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ग) नुसार महत्त्वाची धोरणे आखताना सर्व संबंधित तथ्ये प्रसिद्ध करणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. २०१४ च्या विधिपूर्व विचारविनिमय धोरणानुसार मसुदा ३० दिवस लोकांसमोर ठेवणे व आलेल्या अभिप्रायांचा सारांश प्रसिद्ध करणे अपेक्षित आहे. सेबीने मे २०२१ मध्ये विहित केलेला व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवाल २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना बंधनकारक झाला. त्यातील सातवे तत्त्व नेमके याच विषयाचे आहे : सार्वजनिक धोरणावर प्रभाव टाकताना कंपनीने जबाबदारीने व पारदर्शकपणे वागावे.

मर्यादा आहे ती या तत्त्वाच्या अंमलबजावणीत. कंपनी कोणकोणत्या उद्योगसंघटनांची सभासद आहे हे सांगणे अनिवार्य आहे. मात्र कोणत्या धोरणाचा पुरस्कार केला, कोणत्या मार्गाने केला, ती माहिती जनतेस उपलब्ध आहे का आणि संचालक मंडळ तिचा आढावा किती वेळा घेते, हे प्रश्न ऐच्छिक स्वरूपाच्या निर्देशकांत समाविष्ट केले आहेत. थोडक्यात, कोणत्या दिंडीत सामील आहोत हे सांगणे बंधनकारक. दिंडी कोणत्या गावाला निघाली आहे हे सांगणे मर्जीवर. शिवाय चाकण परिसरात कारखाने असलेल्या जर्मन कंपन्यांच्या भारतीय उपकंपन्या येथील शेअर बाजारात नोंदणीकृत नाहीत. त्यामुळे त्यांना हा नियम लागू होत नाही. ज्यांच्या मूळ कंपन्यांना बर्लिनमध्ये निवेदने जाहीर करावी लागतात, त्यांच्या उपकंपन्यांना दिल्लीत तसे बंधन नाही.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) मोटार उद्योगाच्या लॉबिंगमधील मुख्य दोष म्हणजे कंपनी व संघटना यांच्या भूमिकांतील अघोषित विसंगती होय.
(२) संघटनेने दिलेल्या सामूहिक आश्वासनाचे उत्तरदायित्व कोणावरही निश्चित होत नाही, हे युरोपच्या १४० ग्रॅमच्या अनुभवावरून सिद्ध होते.
(३) खर्चाचे प्रकटीकरण आवश्यक असले तरी पुरेसे नाही. भूमिकेचे प्रकटीकरण अधिक उपयुक्त ठरते.
(४) लॉबिंग हा संचालक मंडळाच्या देखरेखीचा विषय आहे. तो केवळ जनसंपर्क विभागावर सोडणे सुशासनाच्या तत्त्वाशी विसंगत आहे.

१०. शिफारशी

सेबीच्या सातव्या तत्त्वाखालील धोरणविषयक भूमिकांचा ऐच्छिक निर्देशक अनिवार्य करावा. उत्सर्जन निकषांच्या मसुद्यावर कंपन्या व संघटनांनी दिलेली निवेदने, व्यापारी गुपिते वगळून, संबंधित विभागाने संकेतस्थळावर ठेवावीत; नोंदणीकृत नसलेल्या कंपन्याही त्यामुळे आपोआप कक्षेत येतील. स्वतंत्र संचालकांनी वर्षातून एकदा संघटनांच्या भूमिकांचा आढावा घेऊन तो भागधारकांसमोर मांडावा. वाणिज्य, राज्यशास्त्र व पर्यावरणशास्त्र या विषयांच्या प्राध्यापकांना कंपन्यांचे हे अहवाल प्रकल्पकार्यासाठी उपयोगी पडू शकतात. संघटनांची यादी व त्या संघटनांची निवेदने यांची तुलना पदवी स्तरावरील विद्यार्थीही करू शकतो.

११. समारोप

धोरण आखताना उद्योगाचे म्हणणे ऐकून घेतलेच पाहिजे. त्याचबरोबर ते म्हणणे नेमके कोणाचे आहे, हे जाणण्याचा अधिकार त्या धोरणाचे परिणाम भोगणाऱ्यांना असला पाहिजे. उत्सर्जनाच्या नियमातील तीन ग्रॅमांचा हिशेब उत्पादकाला अचूक ठाऊक असतो. तो हिशेब शासनापुढे कोणी व कोणत्या शब्दांत मांडला, हे भागधारकाला व नागरिकालाही ठाऊक असणे, हीच कंपनी-सुशासनाची किमान कसोटी होय.